इतक्या वर्षांनी पुन्हा लाईनच्या गाडीवर: कवठेमहांकाळहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कवठेमहांकाळ तालुक्यातले गृहस्थ, वय चव्वेचाळीस. २०१६ पर्यंत दहा टायर गाडीवर बेंगलोर, चेन्नई, इंदूर अशा लाईनी, म्हणजे लांब पल्ल्याच्या खेपा केल्या. मग गावात पाण्याच्या जारचा प्लांट टाकला आणि जार पोचवायला छोटा टेम्पो घेतला. आता गल्लोगल्ली प्लांट झालेत, उधारी वसूल होत नाही, म्हणून प्लांट बंद करून परत लाईनवर जायचा विचार आहे. काम मिळेल का, जमेल का, की स्वतःचीच गाडी घ्यावी, आणि सोबत पुतण्याला किन्नर (गाडीवरचा मदतनीस, क्लीनर) म्हणून न्यावं का, असं विचारलंय.

काम मिळेल. मिरज, कुपवाड, सांगली मार्केट यार्ड, नाहीतर इकडं कराड, सातारा एमआयडीसी, शिरवळ, कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन बसा. चहा संपायच्या आत एखादा मालक विचारेल, माहितीतला ड्रायव्हर आहे का कुणी. तरुण पोरं या कामाकडं फिरकत नाहीत, आणि जी येतात ती हात बसला की जेसीबी नाहीतर आखातातली नोकरी बघतात. चाळिशी ओलांडलेला, संसारी, निर्व्यसनी माणूस मालकाला हवाच असतो. मी आधी ड्रायव्हर होतो, मधली काही वर्षं कराडात गॅरेज केलं, मग परत ड्रायव्हर झालो, आणि आता थोड्या गाड्या बाळगून आहे. दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून सांगतो, तुमची खरी अडचण गाडी चालवण्याची नाही. इतकी वर्षं तुम्ही स्वतःच मालक होता, ती सवय केबिनमध्ये आडवी येणार आहे. म्हणून माझं मत सुरुवातीलाच: पहिलं एक वर्ष पगारी ड्रायव्हर म्हणूनच काढा. गाडी घ्यायचा विषय त्या वर्षात घरातसुद्धा काढू नका. का ते पुढं येईल.

आधी लायसन काढून समोर ठेवा. त्यावर मुदतीच्या दोन तारखा असतात. एनटी ही खाजगी गाड्यांची आणि टीआर ही ट्रान्सपोर्टची. बरीच मंडळी एनटीची लांबची तारीख बघून निवांत राहतात. टीआरची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर ती पाच वर्षांची झाली. तुम्ही टेम्पो बिनघोर चालवत आलात, कारण ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन पुरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंही तेच सांगितलं. पण दहा टायरला टीआर जिवंतच पाहिजे. मुदत संपून वर्ष झालं नसेल तर नुसतं नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते. आणि मुदत संपल्यावर तीस दिवस गाडी चालवायची जुनी सवलत त्याच दुरुस्तीत गेली, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. लायसन जुन्या पुस्तकातलं असेल आणि सारथी पोर्टलवर (लायसनची सरकारी वेबसाईट) दिसत नसेल, तर आधी आरटीओत बॅकलॉगची, म्हणजे जुन्या लायसनची ऑनलाईन नोंद करून घ्या, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही.

मालक ही तारीख का बघतो? अपघात झाला आणि ड्रायव्हरचं लायसन त्या गाडीला चालणारं नसेल, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करते. एका तारखेपायी मालकाची शेती जाऊ शकते. त्यामुळं तारीख न बघता चावी देणारा मालक भेटला, तर तो बाकीच्या कागदांतही तसाच असणार हे समजून घ्या.

नमुना १अ, म्हणजे डॉक्टरचा दाखला, लागतोच. एजंट म्हणेल, मी सही आणतो, तुम्ही कशाला येताय. तरीही स्वतः जा, आणि त्या निमित्तानं साखर, बीपी आणि डोळे नीट तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण समोरून एलईडीचा झोत आल्यावर डोळे सावरायला लागणारा वेळही वाढतो, आणि तो रात्रीच कळतो. दुसरं, मोठ्यानं घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरची म्हणत असेल, आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल, तर मिरजेत डॉक्टरांची एवढी मोठी बाजारपेठ आहे, तिथं दाखवून घ्या. असा माणूस रात्रभर झोपून उठला तरी त्याची झोप झालेली नसते.

आता तुम्ही गेल्यापासून काय काय बदललं ते. मुंबईत शिरताना जकात नाक्यावर अख्खी रात्र काढल्याची तुम्हाला आठवण असेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती जकात गेली, विक्रीकराचे नाकेही उठले. मध्य प्रदेशानं आपले आरटीओ चेकपोस्ट १ जुलै २०२४ पासून बंद केले, त्यामुळं इंदूरच्या लाईनला सेंधव्यापाशी पूर्वी व्हायचा तो खोळंबा उरला नाही. या नाक्यांच्या जागी ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा ऑनलाईन कागद आला. पन्नास हजारांवरचा करपात्र माल राज्याबाहेर नेताना ते लागतं, आणि त्याला मुदत असते. सुरुवातीला शंभर किलोमीटरला एक दिवस होता, १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस. सांगली ते दिल्ली साडेसोळाशे किलोमीटर धरलं तर नऊ दिवस मिळाले. भरपूर वाटतात, पण वाटेत गिअरबॉक्स बसला तर पुरत नाहीत. मुदत संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते. वाढवायचं काम ट्रान्सपोर्टरचं, पण गाडी अडकलीय हे वेळेवर फोन करून सांगायचं काम तुमचं. गाडी बदलून माल दुसऱ्या गाडीत भरला तर बिलावर नवा गाडी नंबर चढल्याशिवाय हलू नका. इथं तुमचा धंद्याचा अनुभव कामी येईल. बिल, चलन, जीएसटी नंबर हे तुम्ही वर्षानुवर्षं हाताळलंय, आणि मालकाला ड्रायव्हरमध्ये ही गोष्ट सहसा मिळत नाही. मुलाखतीत (म्हणजे टपरीवरच्या चहात) हे आवर्जून सांगा.

टोलला फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, सगळीकडं पैसे मालकाच्या खात्यातून परस्पर जातात. डिझेलही बऱ्याच ठिकाणी कार्डावर. म्हणजे तुमच्या वेळी मालक जी खर्चीची गड्डी हातात द्यायचा आणि तिच्यातून ड्रायव्हर जे काही वाचवायचा, ते बरंचसं आटलं. वरून जीपीएस. गाडी कुठं थांबली, किती वेळ इंजिन चालू ठेवून थांबली, किती पळाली, हे मालकाला घरबसल्या मोबाईलवर दिसतं. प्लांटवर तुम्हाला कुणी विचारत नव्हतं दुकान अकराला का उघडलं म्हणून. इथं तुमकूरच्या अलीकडं अर्धा तास जास्त थांबलात तर फोन येईल. मालक हलकट आहे असं लगेच धरू नका. त्याच्या मागं माल पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस बसलेला असतो आणि त्यालाही तोच नकाशा दिसत असतो.

गाडीतही बदल आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या आल्या. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी दिसेल, तिच्यात डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं द्रव घालतात, ड्रायव्हर लोक त्याला सरसकट युरिया म्हणतात. गाडीप्रमाणे शंभर लिटर डिझेलमागं तीन ते सहा लिटर लागतो. तो संपला, किंवा कुणी पाणी मिसळलेला स्वस्तातला घातला, तर इंजिन स्वतःहून ताकद कमी करतं आणि भरलेली गाडी घाटात रांगायला लागते. बंद बादलीतलाच घ्या. धुराचा फिल्टर भरला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग गाडी मोकळ्या रस्त्याला चालती ठेवून किंवा उभी करून तो जाळून साफ व्हावा लागतो. दिवा दिसूनही तसेच दामटत राहिलात तर फिल्टरचं बिल बघून मालकाला घाम फुटेल. आणि जुन्या सवयीनं इंजिन बंद केल्या केल्या बॅटरीचा मेन स्विच ओढू नका. युरियाचा पंप पाईप रिकामा करायला एक-दोन मिनिटं चालू असतो, तो मध्येच तुटला की आत खडे धरतात. ही गोष्ट शोरूमवाला मालकाला सांगतो आणि मालक ड्रायव्हरला सांगायला विसरतो. ऑक्टोबर २०१५ नंतरच्या गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर असतो, तेव्हा ओव्हरटेक मारताना पूर्वीसारखं ऐनवेळी दाबून निघून जाता येणार नाही. एक बरी बातमी: ८ जून २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी बंधनकारक झालाय. तशी गाडी तुमच्या वाट्याला लगेच येईल असं मात्र नाही.

हात बसायला पंधरा-वीस दिवस लागतात. वजन, लांबी, आरशातला अंदाज, मागं घेणं, हे अंगात असतं ते परत येतं. मला काळजी वाटते ती उताराची. टेम्पोनं तुमचा पाय बिघडवलेला असणार. टेम्पो ब्रेकवर थांबतो, भरलेला ट्रक उताराला नुसत्या ब्रेकवर थांबत नाही. ड्रम तापले की पायाखाली पेडल असतं, पण गाडी धरत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडं उतरणारा पट्टा बघा. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका ट्रकनं कितीतरी गाड्या उडवल्या. पुण्यात जाऊन माल टाकायचा म्हणजे तुम्हाला तो उतार टाळता येणार नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे अजून आहेत, आणि त्यांचा हिशोबच चुकीचा आहे. गिअरमध्ये असताना पाय काढला की आजचं इंजिन डिझेलचा पुरवठा बंद करतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू राहण्यापुरतं डिझेल पीत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनचा ब्रेक मात्र जातो. कुणी इंजिनच बंद करत असेल तर ब्रेकची हवा भरायची थांबते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर पाडायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, पायाचा ब्रेक थोडा थोडा मारायचा. खंबाटकीला जुन्या बोगद्यातून पुण्याकडं उतरतानाचं एस वळणही असंच, तिथं वेग बोगद्यातच कमी झालेला असला पाहिजे. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणामुळं आपल्या ओळखीच्या रस्त्यावरही जुन्या आठवणीवर गाडी चालवू नका. काल जिथून गेलात ते वळण आज दुसरीकडून काढलेलं असतं.

मग झोप. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. रस्त्यावर ती किती पाळली जाते हे तुम्ही जाणता. पण गणित करा. सांगली ते बेंगलोर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, भरलेल्या गाडीची सरासरी ताशी पंचेचाळीस धरली तर चौदा-पंधरा तास नुसतं चाक फिरतं. हे दोन दिवसांचं काम आहे. पंचविशीत तुम्ही ते एका दमात केलं असेल. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतंच, दुपारी जेवल्यावर परत एकदा मागतं. चहा, तंबाखू, खिडकीतून वारा, मोठ्यानं गाणी, यातल्या कशानंही झोप मागं हटत नाही, फक्त आपल्याला वाटत राहतं की हटली. पहाटे दोनला गाडी पेट्रोलपंपावर लावून पाचपर्यंत आडवं व्हायचं, ही अट मी माझ्या ड्रायव्हरांना घालतो. तुमच्या मालकाला ती मान्य आहे का, हे पगार ठरवायच्या आधी विचारा. एकट्या ड्रायव्हरला बेंगलोर एका रात्रीत पाहिजे म्हणणारा मालक असेल तर दुसरा बघा. सांगली-साताऱ्यात मालकांचा तुटवडा नाही.

पगाराचं बोलायची लाज बाळगू नका, आणि ठरलेलं व्हॉट्सअपवर लिहून घ्या. साधारण तीन पद्धती चालतात. महिन्याचा पगार आणि लाईनवर असेल त्या दिवसाचा भत्ता. खेपेवर किंवा किलोमीटरवर रक्कम. आणि तिसरी, ठोक खर्च, म्हणजे डिझेलसकट सगळा खर्च मालक एकरकमी देणार आणि उरेल ते ड्रायव्हरचं. धंदा केलेल्या माणसाला ही तिसरी फार गोड वाटते, कारण त्यात डोकं चालवायला वाव आहे. पण तिच्यातूनच माणूस न्यूट्रल मारायला शिकतो, टोल चुकवायला गावातल्या रस्त्यानं गाडी घालतो आणि झोप खातो. तुम्ही पहिली घ्या. समजा महिना बावीस हजार आणि दिवसाला चारशे भत्ता ठरला. भत्ता उत्पन्नात धरू नका, दोन जेवणं, चार चहा, अंघोळ, मोबाईल यातच तो जातो. घरी येणार ते बावीस. आता प्लांटचा महिन्याचा निव्वळ आकडा काढा, पण त्यातून वीज, फिल्टर, टेम्पोचं डिझेल वजा करा, बुडीत उधारी वजा करा, आणि घरातल्या दोघा-तिघांनी जे फुकट राबून दिलं त्याचीही मजुरी लावा. बहुतेकांचा आकडा इथं कोसळतो. तुमचा कोसळला नाही, तर लाईनवर येऊच नका, प्लांट सुधारा.

आणखी काही गोष्टी आधीच बोलून घ्या. माल उतरवताना वाराई, म्हणजे हमालांचे पैसे, कोण देणार? आपल्याकडच्या वाहतूकदारांनी ज्याचा माल त्याचा हमाल ही घोषणा देऊन कितीतरी आंदोलनं केली, तरी गोदामाच्या दारात हात ड्रायव्हरपुढंच पसरला जातो. ती मालक भरून देणार हे ठरलेलं असू द्या. माल उतरायला दोन दिवस लागले तर हॉल्टिंगमध्ये तुमचा भत्ता चालू का? ओव्हरलोडचा दंड कुणाचा? कायद्यात तो वीस हजार रुपये आणि वर जादा टनामागं दोन हजार आहे. २०१८ च्या जुलैत दहा टायर गाडीची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली, तेव्हा तुमच्या जुन्या आठवणीतला काटा आता चालत नाही, आरसीवर काय लिहिलंय ते बघा. काटा पट्टी, म्हणजे वजनाची पावती, जपून ठेवा. लायसनची मूळ प्रत किंवा कोरा चेक कुणी ठेवून घ्यायला मागितला तर देऊ नका. विम्याच्या कागदात ड्रायव्हर आणि क्लीनरचा प्रीमियम भरलाय का, हे डोळ्यांनी बघा. तेवढ्यावर न थांबता बँकेतून वर्षाला वीस रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा चालू करा, दोन्हीत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. तुमच्या वयाला दोन्ही मिळतात.

अपघाताच्या नव्या कायद्याबद्दल ड्रायव्हरांत अजून भीती आहे. जानेवारी २०२४ च्या संपाला कारण झालेलं दहा वर्षांच्या शिक्षेचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं १०६(२), १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ते लागू आहे. पळून जाऊ नका. जमाव अंगावर आला तर गाडी सोडून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि वाटेतच ११२ ला फोन लावा.

आता गाडी घेण्याचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळं शोरूमवाल्यांचे फोन चालू आहेत, आणि प्लांट विकून चार पैसे हातात आलेला माणूस त्यांना लांबूनच दिसतो. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याची चालवण्यापेक्षा आपलीच. हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो, भाड्याचे पैसे मात्र ट्रान्सपोर्टवाला दीड-दोन महिन्यांनी देतो. मधल्या काळाचं डिझेल कुठून आणणार? टायरचा जोड, विमा, पासिंग, परमिट हे हप्त्याच्या वर. जुनी गाडी घ्यावी तर आठ वर्षांपुढं दरवर्षी पासिंग. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परतीचं भाडं. सांगलीतून हळद, बेदाणा, गूळ, साखर घेऊन जाणं सोपं आहे. तिकडून रिकामं यायचं की कमी भाड्यात भरून यायचं, कुठल्या ब्रोकरचा शब्द खरा, कुठला पार्टी बुडवणारा, ही माहिती २०१६ मध्ये तुमच्याकडं होती, आता नाही. ती पगारी वर्षात फुकट मिळते. प्रत्येक खेपेला वहीत लिहा: भाडं किती होतं, डिझेल किती लागलं, किती दिवस अडकलो, पैसे मालकाला कधी मिळाले. पाण्याच्या धंद्यात तुम्हाला उधारीनं खाल्लं, ट्रकच्या धंद्यात उधारीचे आकडे मोठे असतात इतकंच. वर्षभराची वही वाचूनही घ्यावीशी वाटली तर घ्या.

प्लांट बंद करताना कुलूप लावून मोकळे होऊ नका. जीएसटी नंबर असेल तर रद्द करायचा अर्ज, आरईजी-१६, भरा आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत शेवटचं विवरणपत्र, जीएसटीआर-१०, भरा. नाहीतर तुम्ही चित्रदुर्गाच्या ढाब्यावर आणि घरी नोटीस, असं होतं. टेम्पो विकलात तर आरसीवरचं नाव बदलून झाल्याशिवाय समाधान मानू नका. कागदावर मालक तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. घेणाऱ्यानं ठोकला तर समन्स तुम्हाला येईल. उधारीची वसुली घरच्यांच्या गळ्यात टाकून जाऊ नका. निघायच्या आधी जी येईल ती घ्या, उरलेली सोडून द्या.

कधी निघावं? पावसाळ्यात नको. माल कमी, रस्ते खराब, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये नि २०२१ च्या जुलैत शिरोलीला पंचगंगेचं पाणी हायवेवर येऊन गाड्या दिवसेंदिवस उभ्या होत्या हे तुम्हाला माहीत आहे. दसऱ्यानंतर निघा. दिवाळीचा माल, मग कारखान्यांचा हंगाम, जानेवारीपासून तासगाव-मिरज भागातली द्राक्षं, त्यामागोमाग हळद. गाड्यांना मागणी असते तेव्हा मालकही जरा नमतं घेतो. द्राक्षाच्या गाडीवर मात्र पहिल्याच हंगामात जाऊ नका, माल नाशवंत म्हणून पळवापळवी फार. पहिल्या काही खेपा कुपवाड ते पुणे-भिवंडी करा, मग हुबळी-बेंगलोर, इंदूर-दिल्ली त्यानंतर. बेंदूर, गावची जत्रा, पोरांच्या परीक्षा यांतलं बरंच हुकणार. वर्षातले कुठले दिवस घरी पाहिजेतच, ते मालकाला पहिल्या दिवशी सांगा. दोन-तीन दिवस मागितलेत तर तो देतो. ऐनवेळी मागितलेत तर गाडी भरलेली असते.

राहिला पुतण्या. वय तुम्ही अठरा लिहिलंय. ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वीस वर्षं पूर्ण लागतात, आणि ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन काढायच्या आधी एलएमव्ही लायसन हातात घेऊन एक वर्ष झालेलं असावं लागतं. तेव्हा त्याचं एलएमव्ही आत्ताच काढून टाका. किन्नर म्हणून न्यायला हरकत नाही, मालकानं त्याचाही पगार वेगळा दिला तर. तुमच्याच भत्त्यात त्यानं जेवायचं असं असेल तर नेऊ नका. ताडपत्री, दोर, हवा तपासणं, मागं घेताना उभं राहणं हे त्याला शिकवा, रात्री जागं ठेवायला मात्र त्याला बोलत बसवू नका, त्यालाही झोपू द्या. आणि हायवे मोकळा आहे म्हणून पहाटे स्टिअरिंग त्याच्या हातात द्यायचं नाही, लायसन हातात येईपर्यंत अजिबात नाही.